आजीची दीर्घ वेलांटी

प्रश्न अगदी साधा होता. मामेबहिणीची मुलगी भाषाशास्त्रात एम.ए. करते आहे. गेल्या महिन्यात एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "मावशी, पणजीच्या वहीत ती आडाची ओवी आहे ना, त्यात तिने 'पानी' लिहिलं होतं की 'पाणी'?" मी ओटा आवरत होते. ओले हात पदराला पुसले, कपाटातून पुस्तिका काढली, पान उघडलं आणि सांगितलं, "पाणी." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती हळूच म्हणाली, "ते तू टाइप केलंस त्यात गं. ती पुस्तिका माझ्याकडेही आहे. मी वहीचं विचारतेय."

वही नाही.

नऊ वर्षांपूर्वी थोरल्या मामांची पंचाहत्तरी होती, तेव्हा आजीच्या ओव्यांची वही टाइप करून तिची पन्नास प्रतींची पुस्तिका काढायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. शाळेची शंभर पानी वही, वरून खाकी कागद, पाठीला गोधडीच्या जाड दोऱ्याचे टाके. उघडली की चुलीचा धूर आणि कापूर यांचा मिळून एक वास यायचा. पुढून ओव्या आणि वही उलटी करून मागून दुधाचा रतीब, कुणाला किती पायल्या जोंधळा उसना दिला ते, बाळंतिणीच्या काढ्याचं प्रमाण. मागचं सगळं मी गाळलं, कारण ते 'साहित्य' नव्हतं. आणि पुढचं शुद्ध केलं. आजी एकजात सगळ्या वेलांट्या दीर्घ काढायची. कीती, आणी, दीवा, वीहीर. त्या मी नीट केल्या. 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'व्हता'चं 'होता'. जिथे ओळ लांबल्यासारखी वाटली तिथला 'ग' काढून टाकला. पुस्तिका मामांच्या ऑफिसातली माणसं वाचणार, सुनांच्या माहेरची माणसं वाचणार, आणि माझ्या आजीला कुणी हसू नये एवढंच माझ्या मनात होतं. जे केलं ते मायेपोटी केलं. माझ्या पुस्तिकेत ती ओवी अशी आहे: 'सासरच्या आडाला पाणी खोल किती बाई, दोर माहेरचा पुरता पुरत नाही.' आजी मात्र म्हणायची 'खोल ग किती', आणि 'माहेरीचा'. एवढं कानात आहे. लिहायची कशी, ते डोळ्यांसमोर येत नाही.

फोनवर मी तिला वेलांट्यांचं सांगितलं, तशी ती एकदम सावध झाली. "सगळ्याच दीर्घ? मावशी, पणजी मोडी आधी शिकली होती का?" मी गप्प झाले. आजीचे वडील चावडीवर लिहायला बसायचे, मोडीतच लिहायचे, आणि शाळेत तिसरीपर्यंत जायच्या आधी घरी त्यांनीच तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नाही. म्हणजे जिला मी चूक समजून पुसत बसले होते, ती आजीच्या हाताला तिच्या बापाने लावलेली सवय होती. टाइप करताना बापाचा तो हात मी एकेका वेलांटीमागे काढून टाकला होता.

त्या रात्री झोप येईना. सव्वीस वर्षं मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवलं. जुन्या इंग्रजी नाटकांच्या तासाला एक नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे: डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग, जुन्या नाटकांची हस्तलिखितं तपासून छापणारा इंग्रज संपादक. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत टिपेत लिहायची, आणि विषय संपायचा. त्या माणसाने काय केलं हे मला माहीत होतं, पण कशासाठी केलं हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. अंथरुणातच टॅबलेट उघडला आणि इंटरनेट अर्काइव्हवरची त्याची १९०४ सालची 'हेन्स्लोची डायरी' काढली. दुसऱ्या खिडकीत मूळ पानांची छायाचित्रं उघडली. लंडनमधल्या डलिच कॉलेजात ती वही जपलेली आहे, आणि आता तिचं पान न् पान घरबसल्या पाहायला मिळतं.

फिलिप हेन्स्लो हा शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमधल्या 'रोज' नावाच्या नाटकघराचा मालक. त्याची 'डायरी' म्हणजे खरं तर जमाखर्चाची वही. आधी ती त्याच्या भावाची होती. भावाने ॲशडाउनच्या जंगलातल्या लोखंडाच्या आणि लाकडाच्या कामाचे हिशेब तीत लिहिले होते. मग हेन्स्लोने ती घेतली, उलटी केली आणि मागच्या बाजूने १५९२ पासून नाटकांचा गल्ला लिहायला सुरुवात केली. हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलं असेल. पण त्या रात्री 'उलटी केली' या शब्दांवर येऊन थांबले. एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला मार्लोची नाटकं. मध्येच उसनवारी, गहाणवट, घरगुती औषधांचे तोडगे. आणि ग्रेगने यातलं काहीही कमी महत्त्वाचं मानलेलं नाही. ३ मार्चच्या ओळीत 'हॅरी द सिक्स्थ'चा गल्ला आहे, तीन पौंड सोळा शिलिंग आठ पेन्स. हेन्स्लोने हॅरी हे नाव आपल्याच पद्धतीने, मध्ये एक जादा 'ई' घालून लिहिलंय, तर ग्रेगच्या छापील पानावरही तो जादा 'ई' आहे. डॉक्टर फॉस्टसचं त्याने 'फॉस्टोस' केलंय, तर छापील पानावरही फॉस्टोस. काही नाटकांच्या आधी 'एन-ई' अशी दोन अक्षरं आहेत. 'नवं नाटक' असा अर्थ बहुतेक जण लावतात, पण तो सगळीकडे नीट बसत नाही. ग्रेगने ती दोन अक्षरं जिथे होती तिथेच ठेवली. ज्याला अर्थ लावायचा त्याने लावावा. मी पान बोटांनी मोठं करून छायाचित्र आणि छापील मजकूर ओळीला ओळ लावून पाहत बसले. शेजारच्या इमारतीतला पाण्याचा पंप सुरू झाला तेव्हा कळलं की पाच वाजले.

या वहीवर ग्रेगच्या आधीही एकाने काम केलं होतं. जॉन पेन कोलिअर. १८४५ साली त्याने ती छापली, आणि छापायच्या आधी मूळ वहीतल्या मोकळ्या जागांत, ओळींच्या मध्ये, जुन्या वळणाच्या अक्षरात स्वतःच्या पदरच्या नोंदी घुसवल्या. जॉर्ज वॉर्नरने १८८१ मध्ये डलिचच्या हस्तलिखितांची सूची करताना त्या हुडकून काढल्या, आणि ग्रेगला पुन्हा प्रत्येक ओळ तपासत जावं लागलं, की ही हेन्स्लोची, ही कोलिअरची. कोलिअर विद्वान होता, त्याने खरंही पुष्कळ शोधलं, म्हणून तर जास्त त्रास होतो. त्याची कुठलीही ओळ पुढच्या माणसाला निर्धास्तपणे घेता येत नाही. मी लबाडी केली नव्हती. पण भाचीच्या बाजूने पाहिलं तर फरक कुठे उरतो? तिच्या हातात जे आहे त्यातलं आजीचं किती आणि माझं किती, हे तिला कळायला वाटच नाही. कोलिअरची शाई निदान मूळ वहीत आहे, वेगळी काढता येते. माझ्या मागे ताडून पाहायला वहीच उरली नाही.

ग्रेगच्या घराण्याची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा जरा कसंतरीच झालं. त्याच्या आईचे वडील जेम्स विल्सन, 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढणारे. सत्तावनच्या उठावाचा खर्च भरून काढायला ज्यांना इंग्लंडहून कलकत्त्याला पाठवलं, आणि ज्यांनी १८६० मध्ये या देशावर पहिला आयकर बसवला, तेच हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यातच हगवणीने गेले. वडिलांकडून आजोबा सॅम्युअल ग्रेग, चेशरमधल्या स्टायलच्या कापूस गिरणीचे मालक. त्या गिरणीत अनाथ पोरं कामाला असत, आणि वेस्ट इंडीजमध्ये घराण्याचा गुलामांच्या घामावरचा मळा होता. घरच्यांना वाटत होतं की हा मुलगा पुढे 'इकॉनॉमिस्ट' सांभाळेल. त्याने जुनी नाटकं सांभाळली. आयुष्यातली मोजकी वर्षं, १९०७ ते १९१३, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रंथपाल होता, एरवी पोटासाठी नोकरी करायची त्याच्यावर वेळ आली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावरची एक मात्रा लावायला महिना घालवायची सवड त्याला होती, आणि ती कुठून आली होती हे मला आता विसरता येत नाही. माझ्या आजीला ओवी लिहायला सवड मिळायची ती दुपारी, भांडी पालथी घातल्यावर, दिवसकामाची माणसं परत यायच्या आत. तरीही त्याच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही. दोन्ही गोष्टी मनात एकमेकींशेजारी बसून आहेत.

त्याचं मला सर्वांत आवडणारं काम १९०८ चं आहे, वय अवघं तेहेतीस. शेक्सपिअरच्या नावाने छापलेल्या काही जुन्या सुट्या नाटकांवर तीन वेगवेगळी सालं होती: कुणावर १६००, कुणावर १६०८, कुणावर १६१९. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'वर १६००, 'किंग लिअर'वर १६०८, अशी. सगळेच ती सालं खरी मानून चालले होते. ग्रेगने शब्द वाचले नाहीत, कागद वाचला. जुना हातकागद उजेडासमोर धरला की त्यात कागद करणाऱ्याची पाणखूण दिसते, एखादं भांडं, एखादं चिन्ह. तावाला दोन घड्या घालून लहान पुस्तक केलं की ती खूण नेमकी शिवणीच्या खाचेत जाते. अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर, आणि मधला भाग बांधणीत. तेवढ्या अर्ध्या-मुर्ध्या खुणा जुळवत तो गेला, तेव्हा दिसलं की निरनिराळ्या सालांच्या पुस्तकांत तोच कागद पुन्हा पुन्हा आलाय. तोही एकसारखा नव्हे, सरमिसळ गोळा केलेला. एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच सरमिसळ पुन्हा कशी जमेल? सगळी पुस्तकं १६१९ मध्येच, विल्यम जॅगर्डच्या छापखान्यात, थॉमस पॅव्हिअर या विक्रेत्यासाठी छापली होती आणि काहींवर मागची खोटी सालं घातली होती. त्या साली मे महिन्यात, राजाच्या नाटकमंडळीची, म्हणजे शेक्सपिअरच्याच मंडळीची, नाटकं त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत असा हुकूम निघाला होता. दोन वर्षांनी विल्यम नाइडिग याने मुखपृष्ठांचे फोटो एकमेकांवर लावून दाखवलं, की सालं वेगळी असली तरी खिळे तेच, जुळणीही तीच.

कागदाने सांगितलं, छापलेल्या शब्दाने नव्हे. हे वाचून मी उठले आणि पंचाहत्तरीचे फोटो शोधायला लागले.

फोटो मिळाला. मावसभावाने फोनवर काढलेला, धूसर. टेबलावर आजीची तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि तसबिरीसमोर पूजेला ठेवावी तशी ती वही उघडी ठेवलेली. सात-आठ ओळी दिसतात. मोठा केला की अक्षरं फुटतात, लहान केला की वाचता येत नाहीत. मधल्या एका जागी हात थांबला. '…ल ग कीती बा…' तीच ओवी! 'ग' आहे. 'कीती' आहे, पहिली वेलांटी दीर्घ, वरून वळून काना ओढल्यासारखी थेट खाली आणलेली. आणि त्याच्या आधी जिथे 'पानी' किंवा 'पाणी' असायला हवं, तिथे हारातून सुटलेलं एक केशरी फूल पडलं आहे. मी भाचीला फोटो पाठवला. तिने रात्री दीडला उत्तर दिलं: "फूल!!" आणि मग, "पण कीती आहे. कीती आहे मावशी."

एका शब्दाच्या अशा वेड्यावाकड्या लिहिण्याने काय होतं, याचं मोठं उदाहरण ग्रेगच्याच कामातून निघालेलं आहे. 'सर टॉमस मोर' नावाचं एक नाटक, जे त्या काळी छापलंच गेलं नाही. ब्रिटिश लायब्ररीत त्याचं हस्तलिखित आहे. अनेक लेखकांनी मिळून लिहिलेलं, खोडलेलं, वरून चिठ्ठ्या चिकटवलेलं, आणि सरकारी तपासनीस एडमंड टिल्नी याने दंगलीचा प्रवेश समूळ काढायचा हुकूम समासात लिहिलेलं. १९११ मध्ये ग्रेगने मॅलोन सोसायटीसाठी ते उतरवलं. ही संस्था १९०६ ची, आणि तिचा नेम एकच: जसं आहे तसं छापायचं, चुकीसकट. ग्रेगने आधी हात वेगळे केले. मूळ लिहिणारा 'एस'. भर घालणारे 'ए', 'बी', 'सी', 'डी', 'ई'. नावं नाहीत, नुसती अक्षरं. 'एस' म्हणजे अँथनी मंडे हा नाटककार, हे त्यालाच पुढे दुसऱ्या एका हस्तलिखितावरून उमगलं. आणि 'डी', तीन पानं लिहिणारा, विरामचिन्हांची फिकीर न करणारा 'डी' कोण, याची कुजबुज तर १८७१ पासून होती. एखाद्याने मोठं नाव मुखपृष्ठावर टाकून मोकळं व्हायचं. ग्रेगने त्याला 'डी'च राहू दिलं. त्या तीन पानांत परदेशी कारागिरांवर चवताळून उठलेल्या लंडनच्या जमावाला टॉमस मोर विचारतो, की डोळ्यांसमोर आणा ही माणसं, पाठीशी पोरं, हातात दरिद्री गाठोडी, बंदराकडे पाय ओढत चाललेली. आणि हीच पाळी उद्या तुमच्यावर आली तर? मी ते दरवर्षी वर्गात वाचायचे आणि दरवर्षी घसा दाटायचा.

बारा वर्षांनी, १९२३ मध्ये, ग्रेग, पोलार्ड, डोव्हर विल्सन, आर. डब्ल्यू. चेंबर्स आणि अक्षरतज्ज्ञ माँड टॉमसन यांनी मिळून एक पुस्तक केलं, त्यात 'डी' म्हणजे शेक्सपिअर असा दावा मांडला. पुराव्यांत एक शब्द होता: सायलेन्स, म्हणजे शांतता. 'डी'ने तो 'एस-सी-आय' अशी सुरुवात करून लिहिला आहे, जसा सहसा कुणी लिहीत नसे. आणि १६०० साली छापलेल्या 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात न्यायाधीश सायलेन्स या पात्राचं नाव नेमकं तसंच पडलं आहे, कारण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने समोरच्या हस्तलिखितातलं नाव तसंच उचललं असणार. एका जुळाऱ्याने तिथे शुद्धलेखन सुधारलं असतं, किंवा ग्रेगने इथे सुधारलं असतं, तर हे दोन कागद एकमेकांना कधीच ओळखू शकले नसते. मी हे शिकवलं होतं! हेच, फळ्यावर खडूने ती अक्षरं काढून. आणि घरी येऊन 'कीती'चं 'किती' केलं होतं.

या हस्तलिखिताचा आणखी एक माणूस आहे, त्याच्याविषयी मी वर्गात पुरेसं बोलले नाही याची हुरहुर वाटते. अलेक्झांडर डाइस. वडील कंपनी सरकारच्या फौजेत हिंदुस्थानात, आणि मुलानेही कंपनीच्याच नोकरीत जावं अशी त्यांची इच्छा. मुलगा गेला नाही, पाद्री झाला, आणि पुढे पाद्रीपणही बाजूला ठेवून जुन्या नाटककारांत आणि कवींत बुडाला. पील, वेबस्टर, ग्रीन, मिडलटन, मार्लो, आणि १८४३ मध्ये कवी स्केल्टनच्या सगळ्या कविता. 'सर टॉमस मोर' पहिल्यांदा छापलं ते त्याने, १८४४ मध्ये. त्यानंतर कुणीतरी हस्तलिखित टिकावं म्हणून त्यातल्या काही पानांवर पातळ कागद डकवला. भलं करायलाच. त्याने पानं काळवंडली, कडा झिजत गेल्या, अक्षरं बुडाली. ग्रेग वाचायला बसला तोवर डाइसने डोळ्यांनी पाहिलेले कितीतरी शब्द कागदावरून नाहीसे झाले होते. ते ग्रेगने डाइसच्या पुस्तकातून घेतले, कंसात घालून, की हे मी पाहिलेलं नाही, डाइसने पाहिलेलं आहे. तसंच हेन्स्लोच्या १५९८ च्या सामानाच्या यादीचं. 'एक नरकाचं तोंड', 'रोम शहर', 'अदृश्य होण्याचा झगा' अशा नोंदींची ती मजेची यादी अठराव्या शतकात मॅलोन या अभ्यासकाने पाहिली, छापली, आणि मूळ कागद हरवले. आज मॅलोनचा शब्द हाच कागद.

उतरवून घेणाऱ्याला हे कधी माहीत नसतं, की आपल्यानंतर मूळ उरणार नाही.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात कंपनीत नटाला त्याच्या भूमिकेची नक्कल मिळायची. तेवढीच भाषणं, मागच्याच्या भाषणाचे शेवटचे दोन-चार शब्द, आणि पुढे आपलं. डलिचमध्ये अशी एक इंग्रजी नक्कल आहे, एडवर्ड ॲलिन या नटाची, 'ऑर्लंडो फ्युरिओसो'मधली. कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या, आधीच्या पात्राचे दोन-तीन शब्द एका लांब रेघेच्या टोकाला, आणि मध्ये मध्ये खुद्द ॲलिनच्या हातच्या दुरुस्त्या. त्या काळच्या धंदेवाईक नटाची एवढी एकच नक्कल उरली आहे. ग्रेगने ती छापील नाटकाशेजारी ठेवून छापली, आणि त्या दोहोंत जे जुळत नव्हतं ते जुळवून टाकलं नाही. 'फॉस्टस'च्या बाबतीतही १९५० मध्ये त्याने तेच केलं. १६०४ ची प्रत आणि १६१६ ची प्रत समोरासमोरच्या पानांवर. त्याचं स्वतःचं मत असं, की दुसरी मूळच्या जास्त जवळची. पुढच्या पिढीतल्या बहुतेकांनी ते उलटवलं. पण उलटवायला लागणारं सगळं त्यानेच पानावर मांडून ठेवलं होतं. आयुष्याच्या अखेरीकडे त्याने एक लेख लिहिला, त्यात मजकुराचे दोन भाग केले: एकीकडे अर्थ वाहणारे शब्द, दुसरीकडे वेलांट्या-उकार-विरामचिन्हं असा वरवरचा थर. पहिल्यात संपादकाने आपली अक्कल वापरावी. दुसऱ्यात, लेखकाच्या हाताच्या सगळ्यात जवळची जी प्रत, तिच्या मागे जावं. मी नेमकं उलट केलं होतं. ओव्यांच्या अर्थाला मी कधीच हात लावला नाही, त्याचा मला अभिमान होता.

आता मावशींविषयी. आजीच्या घरी चाळीस वर्षं काम करणाऱ्या मावशी. मामांच्या घराची रंगरंगोटी झाली, माळा उतरवला, त्यात वही रद्दीत गेली, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं की मावशींनी घातली. मीही ते वाक्य वापरत होते. ग्रेगचा १९११ चा एक लेख आहे, बेट्सीवर. जॉन वॉरबर्टन नावाच्या संग्राहकाकडे पन्नासहून जास्त जुन्या नाटकांची हस्तलिखितं होती, आणि बेट्सी या त्याच्या स्वयंपाकिणीने ती पानं 'पाय' नावाच्या भाजलेल्या पदार्थाच्या बुडाशी घालून भाजून संपवली, अशी गोष्ट दीडशे वर्षं सांगितली जात होती. ग्रेगने वॉरबर्टनची यादी तपासली आणि म्हटलं, की यातली कित्येक नाटकं त्याच्याकडे होती असं दिसत नाही, काही नुसती त्याला हव्या असलेल्या नाटकांची नावं असावीत. आणि वॉरबर्टनच्या स्वतःच्या टिपणात आधी शब्द आहेत ते 'माझा निष्काळजीपणा'. नोकराचं अज्ञान त्यानंतर. गोष्ट सांगणारे मात्र बेट्सीपासूनच सुरुवात करत आले.

माळ्यावरचा तो गठ्ठा मी बांधला होता. सुतळीने, दोन गाठी मारून. मावशींना वाचता येत नाही. त्यांना सांगितलं होतं, "हे सगळं जाऊ दे." सांगणारी मीच.

गेल्या रविवारी कराडला उतरून त्यांच्या गावी गेले. मावशी ऐंशीच्या आहेत, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पडवीत वाळत घातलेल्या शेंगांपाशी कोंबड्या हाकत बसल्या होत्या. मी त्यांना वहीचं सगळं सांगितलं, गाठींसकट. त्यांनी ऐकून घेतलं. माझा हात हातात घेऊन नुसता दाबला, आणि म्हणाल्या, "तुमच्या आजीसंगं मी दळायला बसायची. येक बाजू तिची, येक माजी." मी आडाची ओवी विचारली. त्यांना शब्द आठवेनात. मग त्यांनी उजवा हात जात्याच्या खुंट्यावर ठेवल्यासारखा पुढे केला, दोन-चार वेळा फिरवला, आणि हाताबरोबर ओवी आली.

सासरच्या आडाला पानी खोल ग किती बाई
दोर माहेरीचा, बंधू, जोडूनी पुरत न्हाई

'पानी' होतं. पण तो मावशींचा उच्चार, आजीची लेखणी नव्हे. आणि दुसऱ्या ओळीत 'पुरता'च्या जागी 'बंधू, जोडूनी'. हे आजीचंच दुसरं रूप, की मावशींच्या बाजूची ओळ, की चाळीस वर्षांत जात्याने घासून वेगळी झालेली? मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच म्हणाल्या.

एसटीत बसल्यावर वही काढली. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. मावशींची ओवी जशीच्या तशी उतरवली, दोन ओळी. खाली लिहिलं: ऐकीव, मावशींच्या तोंडून, रविवार, दुपारी तीनच्या सुमारास, जात्याशिवाय. त्याखाली फोटोतलं: 'ल ग कीती बा', बाकी फुलाखाली. मग माझ्या पुस्तिकेतली ओवी, कंसात, आणि कंसापुढे: नातीने बदललेली. सगळ्यात शेवटी 'वहीतला पाठ' असं लिहून पुढची ओळ मोकळी सोडली.